‘परत’ची रूपं

१२ ऑक्टोबर

स्पीच थेरपीच्या बाई महिन्यातून एकदा कोल्हापूरहून येतात. आज म्हणाल्या, ताई काय बोलतात ते रोज लिहून ठेवत चला. मी म्हटलं, एकच शब्द बोलते, तोच रोज लिहू का? तर म्हणाल्या, हो, तोच लिहा. कधी बोलल्या, कुणाशी, कशावरून. छापील तक्ता दिला. रकाने पाहिले की मला आपली चौकशी चालू असल्यासारखं वाटतं. तक्ता खणात गेला आणि ही डायरी बाहेर आली. औषध कंपनीची आहे, फुकट मिळालेली. प्रत्येक पानाखाली गुडघेदुखीची जाहिरात.

तर नोंद. हिरा, माझी बायको. श्रावणात पक्षाघात झाला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटत येतो, आणि भाषा गेली. याला वाचाघात म्हणतात. तिला समजतं, असं डॉक्टर म्हणतात. किती समजतं, ते डॉक्टरांना समजत नाही. पोस्टात नोकरीला असताना जिच्या एका वाक्यानं काउंटरपुढची रांग सरळ व्हायची, तिच्याकडे आता एक शब्द उरलाय. परत.

मी इथल्या, रत्नागिरीच्या साप्ताहिकात गावाला टोमणे मारणारं सदर लिहितो. त्यातले बरे टोमणे हिराचे असायचे, माझं फक्त शुद्धलेखन. सदर चालू आहे. वाचक म्हणतात, हल्ली तुम्ही फार सौम्य झालात.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी तिच्याजवळ बसून जर्मनच्या एका जुन्या धातूवरचं, म्हणजे क्रियापदाच्या मुळावरचं, माझं टिपण वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत. मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, परत. मी पुन्हा वाचलं. माझं संशोधन इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. आजारापूर्वी ती म्हणायची, तुमचं संशोधन म्हणजे नुसता कांदा परतणं, जेवायला काही मिळत नाही.

धातूबद्दल इथे लिहून ठेवतो, म्हणजे बाईंनी वाचलं तर त्यांनाही थोडी शिक्षा होईल. जर्मन, इंग्रजी, डच अशा भाषांची एक आई होती. तिनं काही लिहून ठेवलं नाही. लेकींच्या बोलण्यावरून तिचे शब्द जुळवत बसावं लागतं, आणि असा जुळवलेला शब्द लिहिताना त्याच्यापुढे चांदणी काढतात. चांदणी म्हणजे, हा शब्द असणार, पण कुणी ऐकलेला नाही. माझा धातू *वेर्थनं. मूळ अर्थ वळणं. वळता वळता तो झाला ‘होणं’. वेर्थो, मी होतोय. वर्थ, मी झालो. वुर्दुन, ते झाले. वुर्दनाझ, झालेला. याला सबळ धातू म्हणतात. निर्बळ धातू भूतकाळात जायचं तर मागे शेपूट लावून घेतात. सबळ धातूला शेपूट लागत नाही, त्याचा आतला स्वरच फिरतो.

पुण्यात वीस-बावीस वर्षं मी जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं मराठी करत होतो. बोल्ट कितपत आवळावा, हे मी दोन भाषांत सांगू शकतो. त्या काळात या एका धातूनं मला वेड लागू दिलं नाही. हिराचं मत उलटं होतं.

आणि गंमत अशी की हाच धातू संस्कृतात वृत्. त्यातूनच आपलं परतणं आलं. म्हणजे माझा धातू आणि तिचा शेवटचा शब्द एकाच घरातले. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, परत. मी परत सांगितलं.

१९ ऑक्टोबर

मारुती मंदिराजवळ मोबाईलच्या दुकानावर माझा जर्मनचा क्लास आहे. जर्मनीत नोकरी लागेल या आशेनं नर्सेस येतात, आयटीआयची मुलं येतात. जर्मनीत म्हातारे फार आणि त्यांचं करणारं कुणी नाही. रत्नागिरीत म्हातारे फार आणि त्यांचं करणारे जर्मनीला चाललेत.

इफ्फत त्यातलीच. मिरकरवाड्यातून स्कूटरवर येते. सकाळी हिराची अंघोळ, व्यायाम, वेणीफणी. दुपारी माझ्या क्लासला. हिराला ती हसवू शकते. कसं, ते मला कळलेलं नाही, कारण मी खोलीत गेलो की दोघी गप्प.

आज तिच्या निबंधात चूक सापडली. ‘सुट्टीत मी घरी परत येईन’ असं लिहायचं होतं, आणि परतसाठी तिनं वीडर घातलं. सगळ्या वर्गाला थांबवून समजावलं. मराठी माणूस आळशी आहे. पुन्हा आणि माघारी, दोन्हीला एकच शब्द वापरून मोकळा होतो. ‘चहा परत द्या’ म्हणजे आणखी द्या, की घेतलेला कप माघारी द्या? जर्मन माणूस असा घोळ ठेवत नाही. वीडर म्हणजे पुन्हा. त्सुरुक म्हणजे माघारी, जिथून निघालो तिथे. वर्ग हसला. चहाचं उदाहरण दरवर्षी चालतं.

वर्ग सुटल्यावर इफ्फतनं विचारलं, “सर, मग काकी म्हणतात ते यातलं कुठलं?”

मी म्हटलं, वीडर, अर्थात. आणखी वाच म्हणते.

२ नोव्हेंबर

हिराचा भाऊ आला होता, हर्णेहून. त्याचं नावच दाजी. म्हणजे नात्यानं मी त्याचा दाजी आणि नावानं तो माझा. त्याची बोट आहे. घरात पाऊल टाकलं की बोटही मागोमाग आल्यासारखा वास येतो. सोबत सुकटीची पिशवी. हिरानं पिशवी डाव्या हातानं ओढून घेतली आणि तोंडाशी धरून बसली. मला ती काढून घ्यावी लागली. तिला मीठ वर्ज्य आहे.

दाजी तासभर बोलत होता. कुठली बोट किनाऱ्याला लागली, कुणाचं जाळं फाटलं, आईच्या जागी आता लिलावाला कोण बसतं. त्यांची आई यमुनाबाई हर्णेच्या लिलावात बोली लावायची आणि हिरा लहानपणी तिच्या शेजारी असायची, हे मला लग्नापासून ऐकून पाठ आहे. हिरा मध्येमध्ये म्हणत होती, परत. मी दाजीला सांगितलं, तेच पुन्हा सांग, तिला आवडतंय.

त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, “भावोजी, तिला घरी यायचा हाय.”

“घरीच आहे की ती.”

यावर तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. मग म्हणाला, आमची गोदूबाई आहे, ती करील तिचं सगळं. गोदूबाई म्हणजे त्याची बायको. मी त्याला शांतपणे समजावलं. फिजिओथेरपी इथे, डॉक्टर इथे, कमोड इथे. तिकडे दाराला लागून समुद्राची पुळण, दोरीवर बोंबील आणि रात्रंदिवस लाटांचा आवाज. अशा माणसाला विश्रांती लागते.

जाताना तो म्हणाला, येतो बाय. हिरानं त्याच्या शर्टाचा घोळ डाव्या मुठीत धरला आणि म्हणाली, परत. सोडेना. त्याला तिचं एकेक बोट उलगडावं लागलं. मी म्हटलं, घाबरू नकोस, या आजारात मूठ आपोआप आवळली जाते, मेंदूचा भाग आहे. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. खाडीपलीकडच्या माणसांना रत्नागिरीचं ऊन सोसत नाही.

१० नोव्हेंबर

आज फार दिवसांनी डोकं चाललं.

हिराच्या ‘परत’ची दोन रूपं आहेत. एक माझ्यापुढचं: सपाट, शेवटचा त कडक. दुसरं खिडकीपुढचं. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिला खिडकीशी बसायचं असतं. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. तिच्याकडे बघत ती ‘परत’ म्हणते, तेव्हा जोर दुसऱ्या अक्षरावर जातो आणि शेवटचा त इतका मऊ होतो की ‘परद’ ऐकू येतं.

आणि नेमकं हेच माझ्या धातूत आहे. वर्थमध्ये थ, पण वुर्दुनमध्ये द. एकाच धातूत एकदा कडक, एकदा मऊ, हे का? तर फार जुन्या काळी अनेकवचनात आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, शेवटच्या अक्षरावर सरकला होता आणि त्याच्या आधीचं व्यंजन मऊ पडलं. पुढे त्या भाषेनं सगळे आघात उचलून पहिल्या अक्षरावर नेले. आघात गेला, मऊ पडलेलं व्यंजन मऊच राहिलं. संस्कृतात तो आघात जपलेला आहे, म्हणून कळलं तरी की तो कुठे पडला होता. डॉक्टरांचंही हेच. हिराचा आघात कुणी पाहिलेला नाही. स्कॅनमध्ये एक डाग दिसतो, तिथे तो पडून गेला.

हा सगळा लेख होऊ शकतो. हिराला सांगायला गेलो. ती टाकीकडे बघत होती. पाचच्या वेळेला जास्त बोलते, त्याचं कारण दुपारच्या गोळीत असावं. डॉक्टरांना विचारायचं.

२२ नोव्हेंबर

इफ्फतची मुलाखत झाली, माझ्याच क्लासमध्ये, लॅपटॉपवर. पलीकडे जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाच्या बाई. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी खुर्ची लावून बसलो होतो, आणि वेर्डनचं प्रत्येक चुकलेलं रूप बोटांवर मोजत होतो. वेर्डन म्हणजे माझ्या धातूचा आजचा वंशज. मुलाखत फसली हे मला कळलं, इफ्फतला कळलं, त्या बाईंना तर सर्वांत आधी. त्या म्हणाल्या, बरेच उमेदवार आहेत, कळवतो.

आता निरोप घ्यायचा. आपल्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत. इफ्फत उठली, ओढणी सावरली आणि घरी म्हणते तेच जर्मनमध्ये म्हणाली. येते. इश् कोमे.

त्या बाई आधी बघतच राहिल्या. मग हसल्या. तुम्ही नाही घेतलंत तरी मी येणारच, असं त्यांना ऐकू आलं. इतका निश्चय असलेली मुलगी त्यांना आजवर भेटली नव्हती म्हणे. लगेच होकार. डिसेंबरपासून पुण्याला राहून पुढची परीक्षा, मग थेट विमान.

इतकी वर्षं घोकून शिकवलेलं व्याकरण कामाला आलं नाही. जे शिकवायचं राहिलं, त्यानं पोरीला नोकरी लागली. मी तिचं अभिनंदन केलं आणि सांगितलं, तिकडे गेल्यावर निघताना इश् गेहे म्हणायचं, म्हणजे जाते. ती म्हणाली, नको सर, जीभ वळत नाही.

घरी आलो. हिराला सांगितलं नाही. कोण अंघोळ घालणार, कोण व्यायाम घेणार, हा विचार जिना चढताना आला आणि वरपर्यंत सोबत आला.

३० नोव्हेंबर

इफ्फतचा शेवटचा दिवस. हिराची वेणी जरा घट्टच घातली, पुढचे काही दिवस टिकावी तशी. मग पायाशी बसली. येते हां काकी, म्हणाली.

हिरा म्हणाली, परत.

“हो काकी. त्सुरुक. नक्की त्सुरुक.”

मी तिला सांगितलं की नुसतं त्सुरुक चालत नाही, सोबत क्रियापद लागतं. ती रडत होती, त्यामुळे लक्षात राहिलं असेल असं वाटत नाही.

१४ डिसेंबर

आज अभ्यास नाही. बाथरूममध्ये हिरा पडली. तिला धरायला गेलो, मीही पडलो. लागलं कुणालाच नाही. ओल्या फरशीवर दोघं समोरासमोर बसून राहिलो. बरणीतल्या लोणच्यासारखे. हे तिला म्हणून दाखवलं. आधीची हिरा असती तर म्हणाली असती, लोणचं निदान मुरतं. ती म्हणाली, परत.

आता परत कसं पडणार? नळ बंद केला.

२७ डिसेंबर

हिराचं करायला ठेवलेल्या दोन्ही बायका सोडून गेल्या. पहिलीला हिराचं वजन झेपेना. दुसरीला माझा स्वभाव. क्लास आठवडाभर बंद. सदर पाठवलं नाही. संपादकांचा फोन आला नाही. बहुधा सौम्यपणाचा हा पुढचा टप्पा त्यांना मानवला असावा.

लेख अडलाय. ‘परद’ हे रूप हल्ली दिवसभर येतं, नुसतं पाचला नाही. त्यामुळे माझा गोळीचा अंदाज गेला आणि आघाताचा नियमही डळमळला. एका शब्दाची दोन रूपं होती, आता एकच राहिलं. भाषा मरताना असंच होतं, आधी रूपं कमी होतात.

५ जानेवारी

हर्णेला आणलंय तिला. मन बदललं वगैरे काही नाही, हात टेकले. चार दिवस गोदूबाई करील, तेवढ्यात मी रत्नागिरीत फोनवरून कुणी मिळतं का बघीन.

गाडी आरे-वारेच्या रस्त्यानं घेतली. घाट उतरताना दोन्ही पुळणी समोर आल्या, तशी मागून ‘परत, परत’ सुरू झाली. जयगडच्या फेरीबोटीत तेच. दाभोळची खाडी ओलांडली आणि ती गप्प झाली. काचेला नाक लावून बसली. प्रवासाचा शीण.

७ जानेवारी

परवापासून ती ‘परत’ म्हणालेली नाही.

आधी वाटलं, थकलीय. पण थकल्यासारखी दिसत नाही. गोदूबाईनं भाजलेला बांगडा डाव्या हातानं काटे काढून खाल्ला. मिठाचं मी बोललो. गोदूबाई म्हणाली, भावोजी, मासा समुद्रातनंच खारा येतो, माझा काय दोष. हिरा हसली. आवाज काढून हसली. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात कधीकधी विनाकारण हसू येतं. नोंद करून ठेवली.

संध्याकाळी दाजीनं तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून लिलावापाशी नेऊन ठेवलं. पाच वाजले होते. बोटींवरून टोपल्या उतरत होत्या, ओल्या वाळूवर माशांचे ढीग, भोवती बायकांचं कडं. एका बांगड्यांच्या ढिगावर बोली चढत होती आणि हिराचा डावा हात वर गेला, एक बोट उभं, जरासं वाकडं. अनैच्छिक हालचाल. लिलाव करणाऱ्यानं तिच्याकडे बघितलं, थांबला, आणि म्हणाला, “यमुनाबाईच्या हिरानं घेतला.” मग दुसऱ्या ढिगाकडे गेला. सगळ्या बायका हसल्या. दाजीला ढीग उचलावा लागला. मी त्याला समजावलं की हे हात आपोआप वर जाणं आहे, बोली नव्हे. तो म्हणाला, ढीग बघा भावोजी, सगळ्यात ताजा हाय.

९ जानेवारी

एकदाही नाही. तोंडाशी कान नेऊन मीच म्हणून दाखवलं: परत, हिरा, परत. तिनं माझ्याकडे बघितलं, गालावर हात फिरवला आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. रात्री छान झोपते. दिवसा पायरीवर बसते. पायही कमी फरफटतो, पण पायाचं काय घेऊन बसलात. शेवटचा शब्द होता. तोही गेला.

स्पीच थेरपीच्या बाईंना फोन केला. असलेला शब्द अचानक थांबला तर आत दुसरा झटका असू शकतो, म्हणाल्या, रत्नागिरीला नेऊन दाखवा. ताई खूश आहेत का, असंही विचारलं. मी म्हटलं, त्या खुशीचंच तर मला भय वाटतंय, विनाकारण हसते.

उद्या सकाळी निघायचं ठरवलं. दाजी जाळं सांधत बसला होता. ऐकून त्याचे हात थांबले.

“गप हाय तर गप असू द्या ना तिला, भावोजी.”

मी विचारलं, आणि शब्द? तिचा शब्द कुठून आणायचा? त्यानं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. अशा वेळी माणसानं शिकलेलं असावं असं वाटतं. दाजीला समजावणं फार अवघड जातं.

१० जानेवारी

निघताना गाडीत बसेना. पाय आडवा लावला, डावा हात दाराच्या चौकटीला. गोदूबाई आत निघून गेली, ती निरोपालाही बाहेर आली नाही. शेवटी दाजीनंच उचलून बसवलं. येतो, मी म्हटलं. त्यानं मान हलवली.

बुरोंडी गाव मागे पडलं आणि मागच्या सीटवरून आवाज आला.

परत.

माझा विश्वास बसेना. आरसा वळवून पाहिलं. तीच. मी म्हटलं, शाब्बास हिरा, आणखी एकदा. तिनं म्हटलं. दाभोळच्या बोटीत म्हटलं, जयगडला म्हटलं. आरे-वारेच्या वळणावर तर काचेवर हात आपटून म्हटलं, त कडक, जोर पहिल्या अक्षरावर. डोळ्यांतून पाणी येत होतं. हेही आजारात होतं. गेले तीन-चार महिने घेतलेली सगळी मेहनत कुठेतरी लागू पडली म्हणायची. भीती होती की मध्ये चहाला थांबलो तर पुन्हा हरवेल, म्हणून गाडी कुठे थांबवली नाही.

आत्ता ती खिडकीशी आहे, टाकीसमोर, अजून म्हणतेय. मी इथे बसून लिहितोय. सवयीनं शब्दापुढे चांदणी काढायला पेन गेलं होतं, ती खोडली. चांदणी कुणी न ऐकलेल्या शब्दाला काढतात. हा मी स्वतः ऐकलाय, बुरोंडीपासून घरापर्यंत.